पाच लाल आहे, आणि पट्टीखालून दिसतं

गेल्या शनिवारी घरी गेलो होतो. घर म्हणजे वरसे, रोह्याला लागूनच. ताम्हिणी उतरायचा, विळे, सुतारवाडी, कोलाड, की आलंच. चहा यायच्या आधीच दादाने विषय काढला. त्याला साडेसात हजार हवे होते. आता आमचा दादा पैसे मागणाऱ्यातला नाही. धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, घर त्याच्या पगारावर चालतं, मी काही पाठवलं तर उलट ओरडतो. त्यामुळे काही न विचारता फोन काढला. आकडा टाकता टाकता सहज म्हटलं, कशाला रे?

"पोरीच्या क्लासची अर्धी फी. अर्धी मी भरली."

"कसला क्लास?"

"मिडब्रेन ॲक्टिव्हेशन."

फोन परत खिशात गेला. त्यानंतर रात्री साडेअकरापर्यंत जे भांडण झालं, त्यात मला नीट बोलता आलं नाही ते इथे लिहितोय. (घरात भांडताना मुद्दे सुचत नाहीत. परत येताना घाटात, पुढे एसटी आणि मागे ट्रक असताना सुचतात.)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही ते भाग्यवान, पण त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण २०१० नंतर आपल्याकडे हे क्लास फोफावले. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात रंगीत कार्ड द्यायचं. मूल ते कार्ड चोळतं, हुंगतं, कानाला लावतं, आणि रंग सांगतं. मग आकडे. मग चक्क पुस्तक वाचतं. आईबापांच्या डोळ्यांत पाणी. सांगितलं असं जातं की मुलाचा 'मध्यमेंदू' झोपलेला होता, आम्ही संगीत आणि व्यायामाने तो जागा केला, आता ते नाकाने बघू शकतं आणि बोटांनी वाचू शकतं.

मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या खोडाचा वरचा तुकडा. डोळ्यांच्या हालचाली, आवाज आला की तिकडे मान वळवणं, जागं राहणं, अशा कामांत त्याचा हात असतो. तो खरोखर झोपलेला असता तर पोरगी क्लासचा जिना चढूच शकली नसती. आणि पट्टीचं रहस्य नाकात आहे. वास घेण्यात नाही, नाकाच्या आकारात! नाकाच्या दोन्ही बाजूंना पट्टी कधीच पूर्ण टेकत नाही, खाली फट राहते. त्या फटीतून हातातलं कार्ड व्यवस्थित दिसतं. मंगळुरूचे नरेंद्र नायक आणि आपल्याकडे अंनिसचे कार्यकर्ते यांनी हे कितीतरी वेळा दाखवून दिलंय. फट बंद करा, शक्ती बंद.

एवढंच असतं तर मी दादाला एक व्हिडिओ दाखवला असता आणि विषय मिटला असता. पण आमच्या घरात यात एक भलतीच मेख आहे.

माझी पुतणी आठ वर्षांची, तिसरीत. गेल्या वर्षी शाळेत बाईंनी फळ्यावर हिरव्या खडूने पाच लिहिला. ही उठून म्हणाली, बाई, पाच लाल असतो. वर्ग हसला. बाईही हसल्या असतील, त्यांचा दोष नाही. पण ही दुसऱ्या दिवशी सातबद्दल बोलली, तिसऱ्या दिवशी 'ग'बद्दल. शेवटी वहीत शेरा आला: वर्गात काहीही बोलते. वहिनी घाबरली. आधी डोळे तपासले, ठीक निघाले. मग शेजारच्या काकूंनी अंगारा आणून दिला. मग त्याच काकूंच्या भाचीने क्लासचा नंबर दिला, आणि क्लासवाले सर पोरीशी पाच मिनिटं बोलून म्हणाले, "हिचा अर्धा मिडब्रेन आपोआप उघडलाय! उरलेला अर्धा आम्ही उघडू."

धंद्याची अक्कल बघा. उगाच इंजिनिअर झालो असं वाटतं कधी कधी.

पुतणीला जे आहे त्याला सिनेस्थेशिया म्हणतात. मराठीत रुळलेला शब्द नाही, मी आपलं इंद्रियांची सरमिसळ म्हणतो. कोणाला अक्षरांना रंग असतात, कोणाला आवाजांना, कोणाला शब्दांना चव. मलाही आहे. कागदावरचं अक्षर मला तुमच्यासारखंच काळं दिसतं, पण 'क' म्हटला की त्याच्याबरोबर विटकरी रंग येतोच. चिंच म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटतं ना, ते काय आपण ठरवून आणतो? तसंच. वेलांटीने अक्षर थोडं उजळतं, उकाराने गडद होतं. अनुस्वार आला की रंगावर पाण्याचा थेंब पडल्यासारखं होतं. मराठी सात पिवळा आहे आणि इंग्रजी सात राखाडी, का ते मला विचारू नका.

हे नवीन फॅड नाही. १८१२ साली गेओर्ग झाक्स नावाच्या जर्मन डॉक्टरने आपल्या प्रबंधात स्वतःच्याच या अनुभवाबद्दल लिहिलंय. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टनने 'नेचर'मध्ये आकड्यांना रंग आणि जागा असणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं. पण ही माणसं खरं बोलतात की थापा मारतात, हे तपासणार कसं? तपासायची पद्धत इतकी साधी आहे की क्यूएवाल्या कोणालाही आवडेल. आज रंग विचारून ठेवायचे, आणि खूप दिवसांनी, न सांगता, परत विचारायचे. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये नऊ जणांना वर्षभराने पुन्हा विचारलं, सुमारे ९२ टक्के उत्तरं तीच. सरमिसळ नसलेल्यांना एका आठवड्यातच विचारलं, तर ३८ टक्क्यांच्या आसपास. थाप आठवडाभर टिकत नाही, पाचचा लाल वर्षभर टिकतो.

आणि हे फार दुर्मीळही नाही. ज्युलिया सिमनर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली केलेल्या पाहणीत सगळे प्रकार धरून शंभरात चारेक जणांना काही ना काही सरमिसळ निघाली. नुसते अक्षर-आकड्यांचे रंग म्हटले तर शंभरात एक. ती पाहणी ब्रिटनमधली, तरी मोठ्या शाळेत प्रत्येक इयत्तेत एखादं पोर असं असणार, हे धरून चालायला काय हरकत आहे? त्यातली किती बोलली असतील आणि किती वहीतल्या शेऱ्यानंतर गप्प झाली असतील?

मी गप्प झालेल्यांतला. चौथीत एकदा बोललो, पाठीत धपाटा खाल्ला, मग थेट इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत कोणाला सांगितलं नाही. हॉस्टेलच्या लायब्ररीत रामचंद्रन आणि हबर्ड यांच्या २००१ च्या कामाबद्दलचा एक लेख हाती लागला. पाचांच्या गर्दीत लपवलेले दोन, त्यांचा त्रिकोण, तो सरमिसळवाल्यांना पटकन सापडतो वगैरे. (नंतरच्या प्रयोगांत हा फायदा इतका ठळक निघाला नाही, तेही सांगून ठेवतो.) मेंदूत अक्षरं ओळखणारा भाग आणि रंगांचा भाग शेजारीशेजारी असतात, त्यांच्यात नेहमीपेक्षा जास्त ये-जा असावी, अशी त्यांची मांडणी. ते वाचून त्या रात्री झोप लागली नाही. आनंदाने असेल, रागानेही असेल. इतकी वर्षं जे लपवलं त्याला नाव आहे, आणि ते नाव मला कोणी सांगितलं नाही.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

नाव मिळाल्यावर मी ते मिरवायला लागलो. प्रोफाइलवर टाकलं. आधीच्या एका कंपनीत 'विविधता सप्ताह' होता, त्यात एचआरने माझा फोटो लावून खाली लिहिलं, आमच्यातला सुपरह्यूमन. मी नको म्हणालो नाही. तो फोटो घरच्या ग्रुपवरही मीच टाकला. गणपतीत सगळे जमले तेव्हा भाच्यांचे मोबाईल नंबर रंगांवरून पाठ म्हणून दाखवले, टाळ्या घेतल्या. दादा बाजूला बसून मोदक खात बघत होता. त्याने काय निष्कर्ष काढला? धाकट्याला हे होतं, म्हणून धाकटा पुण्याला गेला, आयटीत लागला. पोरीलाही आहे. मग तिचं वाया का घालवायचं?

शनिवारी त्याने हेच ऐकवलं. "तू झालास इंजिनियर, आता तुला सगळं फालतू वाटणार. तिने काय माझ्यासारखं नाईटला जायचं?" याच्यावर माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं. बारा तास रसायनांच्या वासात उभा राहणारा माणूस पोरीसाठी पंधरा हजार काढतो, तेव्हा तो मूर्ख नसतो. त्याला कोणीतरी खोटा माल विकलेला असतो, आणि त्या मालाची जाहिरात मी फुकटात केली होती.

तर आता खरं सांगतो. सरमिसळीमुळे मी इंजिनिअर झालो नाही. आकडे लक्षात राहतात हे खरं, पण चुकतातही रंगांमुळेच. माझे इंग्रजी सहा आणि आठ जवळजवळ एकाच जांभळ्याचे आहेत. एका रिलीजच्या रात्री दोन कोड उलटसुलट टाकले आणि चार जणांना पहाटेपर्यंत बसवलं. कारण सांगता येईना. काय सांगणार, दोन्ही जांभळे होते म्हणून? एडिटर कोडला स्वतःचे रंग देतो, ते माझ्या रंगांशी भांडतात, म्हणून मी अजूनही काळ्यावर पांढरं असं कोरडं स्क्रीन वापरतो. नवे लोक त्याला साधेपणा समजतात. रिचर्ड फाइनमनला समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसायची, हे त्याने स्वतः लिहिलंय आणि ते सगळीकडे फिरत असतं. पण १९६५ चं नोबेल त्याला रंगीत अक्षरांबद्दल मिळालं नाही. रंगीत अक्षरं मलाही दिसतात, आणि माझं अप्रेझल यंदाही 'अपेक्षेप्रमाणे' आलंय :)

घरच्या ग्रुपवरच्या मंडळींचाही समाचार घेतला पाहिजे. त्या रात्रीच एका काकांनी मेसेज टाकला: हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं, 'संगीत रत्नाकर' वाचा. काकांनी वाचलेलं नाही, पण मुद्दा अगदीच हवेतला नाही. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात, आपल्याच देवगिरीला, यादवांच्या दरबारात हा ग्रंथ लिहिला, आणि त्यात सात स्वरांना रंग दिलेत. षड्ज कमळासारखा, गांधार सोनेरी, मध्यम कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम काळा, धैवत पिवळा. पण त्याच यादीत प्रत्येक स्वराला देवता आहे, ऋषी आहे, द्वीप आहे, अगदी जातसुद्धा आहे! ती वर्गवारी आहे, काका. सगळ्यांसाठी एकच कोष्टक. सरमिसळ याच्या बरोब्बर उलट असते. तिथे कोष्टक नसतंच. माझा 'क' विटकरी, पुतणीचा निळा. दोन माणसांचे सगळे रंग सहसा जुळत नाहीत. अमेरिकेत २०१५ मध्ये साडेसहा हजारांहून जास्त लोकांचे अक्षररंग तपासले, त्यात सहा टक्के लोकांचे रंग फिशर-प्राइसच्या एका जुन्या चुंबकी अक्षरांच्या संचाशी जुळले. लहानपणी फ्रिजवर लावलेली खेळणी! म्हणजे जुळले तिथेही कारण ऋषी नव्हते, प्लास्टिक होतं. (मी माझी अंकलिपी माळ्यावरून काढून ताडून बघितली. एकही रंग जुळला नाही. जरा वाईटच वाटलं.)

ज्ञानेश्वरीचा दाखला मात्र काकांनी नाही, आईने दिला. सहाव्या अध्यायात सुरुवातीला माउली म्हणतात की हे मराठी बोल ऐकताना कानांनाच जिभा फुटतील, आणि मग इंद्रियांत भांडण लागेल, शब्द कानाचा, पण जीभ म्हणेल रस माझा, नाक म्हणेल वास माझा, डोळे म्हणतील रूप माझं. आई दादाला म्हणाली, "पारायणात हे आलं की सगळे माना डोलावतात. पोरीने पाच लाल म्हटला की अंगारा?" ज्ञानेश्वरांना सरमिसळ होती असं मी म्हणणार नाही, ती उपमा आहे, शब्दांची थोरवी सांगण्यासाठी आहे. पण आईच्या प्रश्नाला दादाकडे उत्तर नव्हतं.

आणि मग आई जे बोलली ते मी तीस-बत्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

हे घराण्यात चालतं, एवढं मला वाचून माहीत होतं. पण आईला विचारायचं कधी सुचलं नाही. गणपतीत टाळ्या घेताना ती स्वयंपाकघरात होती. तर आई म्हणाली, तिलाही आहे. लहानपणापासून. कधी सांगितलं नाही? एकदा सांगितलं, लग्नात. तांदळाच्या ताटात नवीन नाव लिहिलं तेव्हा. तिचं माहेरचं नाव (इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही) 'ल'ने सुरू होतं आणि ते आख्खं नाव हिरवं होतं, आवणाच्या रोपासारखं कोवळं. ताटात जे नाव उमटलं ते मातकट होतं. भिजलेल्या गोणपाटासारखं. ती शेजारी बसलेल्या आत्याच्या कानात म्हणाली, हा रंग नको. आत्या म्हणाली, गप बस, फोटो काढतायत.

"पहिलं वर्ष कोणी हाक मारली की मी वळायचेच नाही. हाक मला मारलीय असं वाटायचंच नाही. तुझी आजी सगळीकडे सांगायची, सून जरा बहिरी आहे."

रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सगळीकडे गोणपाट. इतकी वर्षं. आणि आमच्यापैकी एकालाही माहीत नाही, कारण कोणी विचारलंच नाही. नाव बदलताना कोणत्याच बाईला विचारत नाहीत, रंग तर लांबची गोष्ट. हे मी तुम्हाला, हिंजवडीत आणि ऐरोलीत बसून वाचणाऱ्यांना, मुद्दाम सांगतोय. आपल्यात अजूनही तांदळाच्या ताटात नावं बदलली जातात, आणि 'हौस म्हणून' म्हणून सोडून दिली जातात. पुढच्या वेळी निदान विचारा तरी.

असो. क्लासकडे परत येतो, कारण सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगायचीय.

रविवारी सकाळी पुतणीला घेऊन नदीवर गेलो. कुंडलिकेला बऱ्यापैकी पाणी होतं. तिला म्हटलं, पट्टी बांधल्यावर काय होतं गं? तिने आधी इकडे तिकडे बघितलं, मग म्हणाली, "काका, खालून दिसतं. सगळ्यांना दिसतं. पण कोणी सांगत नाही."

"आणि सर?"

"सर म्हणतात दिसतं असं म्हणायचं नाही, जाणवतं म्हणायचं."

मग तिने एक किस्सा सांगितला. तिच्या हातात कार्ड दिलं, निळ्या रंगाचं, वर पाचचा आकडा. तिने फटीतून बघितलं आणि म्हणाली, निळं. टाळ्या. मग तिने आपल्या मनाने पुढे सांगितलं, पण पाच लाल असतो. सर म्हणाले, "ते डोक्यातले रंग आता बोलायचे नाहीत. गोंधळ होतो."

हे परत एकदा वाचा. ज्या पोरीला खरोखरची सरमिसळ आहे, जी वर्षभराने विचारली तरी तेच उत्तर देईल, तिला सांगितलं की तुझं खरं बोलू नको. आणि फटीतून डोकावून सांगितलेल्या निळ्याला टाळ्या. शाळेत खरं बोलली तर शेरा, क्लासमध्ये खरं बोलली तर दटावणी, खोटं बोलली तर पेढा आणि व्हिडिओ. आठ वर्षांचं पोर यातून काय शिकणार? दोन महिन्यांपूर्वी ती मला फोनवर अख्खी बाराखडी रंगवून सांगायची. त्या दिवशी नदीवर 'म' कसला विचारला तर म्हणाली, "तुला कसला हवाय?"

पंधरा हजारांत त्यांनी हे विकलं.

आणि खऱ्या-खोट्यातला फरक ओळखणं किती सोपं आहे बघा. क्लासमध्ये वीस पोरं एकच कार्ड हुंगून एकच रंग सांगतात, कारण कार्ड निळं आहे आणि सगळ्यांना फटीतून निळंच दिसतं. खरी सरमिसळ असलेली वीस पोरं बसवा आणि पाचचा रंग विचारा. डझनभर उत्तरं येतील, आणि मारामारी होईल. आमच्या घरी झालीच की. रविवारी दुपारी जेवताना मी तिघांचे कागद समोर ठेवले. पुतणीचा मेमध्ये लिहून घेतलेला जुना कागद माझ्याकडे होता, तिला ठाऊक नव्हतं की मी तो जपलाय. परत विचारलं. चाळीस अक्षरांपैकी सदतीस तीच. ('म'सुद्धा. जांभळट. हवा तसला नाही, होता तसला.) मग आजी आणि नात 'क'वरून सुटल्या. आजी म्हणे 'क' पांढरा, ताकासारखा. नात म्हणे, आजी तुला कळत नाही, निळा. आजी म्हणे, मला कळत नाही? मी साठ वर्षं बघतेय! दोघी इतक्या जोरात भांडत होत्या की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. अंगारा आणला नाही यावेळी.

दादा जेवत होता. काही बोलला नाही, पण हसला एकदा.

मला विचाराल की मग या पोरीचं करायचं काय, तर काहीच नाही. उपचार नको, क्लास नको, प्रोफाइलवर बिल्लाही नको, तो मी लावून बघितलाय. 'सिनेस्थेशिया असलेली मुलगी' अशी तिची ओळख मी करून देणार नाही. ती कोण हे तिचं ती सांगेल. गणितात ती बरी आहे, चित्रात यथातथा, पोहायला घाबरते, आणि तिचा पाच लाल आहे. बाईंशी मी फोनवर बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, एक माहितीपत्रक मराठीत असेल तर पाठवा म्हणाल्या. धड सापडलं नाही. मीच दोन पानं लिहून पाठवतोय.

क्लासवाल्यांसाठी निरोप. मी रोह्यात येतो, तारीख तुमची. पट्टी माझी: पोहायचा गॉगल, आतून काळी टेप, नाकाशेजारी कापूस. तो आधी मी घालून बघणार, मग तुमच्या सरांनी घालायचा, मग मुलांनी. कार्डं तिसऱ्याच माणसाने पिसायची, ज्याला स्वतःलाही माहीत नाही की वर काय आलंय. नाहीतर त्याहून सोपं, कार्ड पोराच्या डोक्यामागे धरायचं. नाकाने दिसत असेल तर दिशेने काय फरक पडतो? दहापैकी सात ओळखा, साडेसात हजार तिथल्या तिथे रोख.

आणि तुम्हाला, वाचणाऱ्यांना, एक प्रश्न. गावाकडून असा फोन आला की आपण काय करतो? 'किती?' विचारतो आणि पाठवून देतो. मीही फोन काढलाच होता, एक अंगठा दाबायचा बाकी होता. या क्लासच्या फीतली बरीचशी पुण्या-मुंबईच्या काका-मामांच्या खात्यातूनच जात असावी असा माझा दाट संशय आहे. एकदा 'कसला क्लास' एवढं विचारायला वेळ लागत नाही.

दुसरा हप्ता येत्या रविवारी भरायचाय. भरला नाही तर पहिला परत मिळणार नाही, तसं पावतीच्या मागे छापलंय. दादा अजून काही ठरवत नाही, 'बघू' म्हणतो. तो माझं लिहिलेलं वाचत नाही. वहिनी वाचते. वहिनी, पहिले साडेसात हजार गेले असं समजा. ते मी देतो.